आडवं बोट

“हात म्हंजी कोपरापासून मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत. खऱ्या घराच्या एका हाताला आपल्या घराचं एक आडवं बोट. आन् बोट माझं लावायचं, सत्यशीला. तुझं लई बारीक हाय.”

सासूबाईंना, आसराबाईंना, जाऊन सव्वा वर्ष झालं, तरी हा आवाज सत्यशीलेच्या कानातून गेला नव्हता. पटाशी हातात घेतली की यायचाच. आज पटाशी नव्हती, महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता, तरी आला. ज्येष्ठा आणि कनिष्ठा माजघरात उभ्या होत्या. त्यांच्या पुढ्यात, करंज्यांच्या ताटाशेजारी, तिनं चौरंगावर ते भातुकलीतलं इवलं देवघर ठेवलं. वीतभर लांब, सागवानी चौकटीचं, भिंतीत दोन दिवळ्या आणि दिवळीत मुगाएवढी समई. या घरात बनलेली प्रत्येक खोली आधी महालक्ष्म्यांपुढं बसायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात जायची. सासूबाईंनी घालून दिलेली रीत.

तिनं हात जोडले. ओठ हलले नाहीत. आषाढी एकादशीपासून तिचं मौन होतं, सूर्य उगवल्यापासून देवाला नैवेद्य होईपर्यंत. दरसालचा चातुर्मासाचा नेम.

“तुझं बरं हाय बाई,” स्वयंपाकघरातून मोठ्या जावेचा, गोपिकाबाईचा आवाज आला. “सोळा भाज्या चिरायच्या, पुरण वाटायचं, आन् आमची धाकली मुकी. भांडावं तरी कुणासंग?”

सत्यशीला हसली आणि मुकाट्यानं विळीवर जाऊन बसली.

“आन् आज त्या पुण्याच्या बाई येऊन राह्यल्यात,” गोपिकाबाई आवाज उतरवून म्हणाल्या. “ह्यांचं काय चाललंय ठाऊक हाय का तुला? देवघर आईचं शेवटचं काम म्हणून सांगणारेत. त्या बाई वहीत तसं लिहून घेणारेत म्हणं, पुस्तक निघायचंय त्यांचं.”

सत्यशीलेची विळी थांबली. भोपळ्याची फोड तशीच अर्धवट राहिली.

“बघू नको अशी माझ्याकडं. मी काय करू? मोठा माणूस हाय घरातला. आन् उषा बाहेर ओसरीवर बसलीय, ते ध्यानात ठेव.”

ते तर तिच्या ध्यानात होतंच. उषाबाई ही आसराबाईंची एकुलती लेक, शहागडला दिलेली. तिच्या सासरच्या महालक्ष्म्या थोरल्या दिराकडे बसायच्या, म्हणून ती काल दुपारच्या एसटीनं माहेरी आली होती. आल्याआल्या तिनं सगळ्यांना सांगितलं होतं की आईनं दिलेली मातीची इवली चूल तिनं देव्हाऱ्यात ठेवली आहे, आणि लक्ष्मीपूजनाला आधी त्या चुलीला हळदकुंकू लागतं, मग लक्ष्मीला. “आईच्या हाताची शेवटची चूल,” ती म्हणाली होती. तेव्हा नैवेद्य होऊन सत्यशीलेचं तोंड मोकळं झालेलं होतं. पण ती काही बोलली नव्हती.

ती चूल सत्यशीलेनं केली होती. चार वर्षांमागं.

*

गोपिकाबाईंच्या नवऱ्यानं, आबारावांनी, ओसरीवर सतरंजी अंथरली, तिच्यावर पांढरी चादर घातली आणि चादरीची सुरकुती तीनदा काढली. ते परतूरच्या शाळेत गणित शिकवायचे. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना, आणि हे खोटं आहे असं त्यांच्या मनानं कधी धरलंही नव्हतं. औरंगाबादेत दर दिवाळीआधी भातुकलीवाल्यांचं प्रदर्शन भरायचं. पितळेची भांडी, लाकडी खेळणी, बाहुल्यांची घरं. मुंबई-पुण्याहून संग्रह करणारे लोक यायचे, एकेक वस्तू डोळ्यांशी धरून न्याहाळायचे. अठ्ठ्याऐंशी साली आईला तिथं पहिल्यांदा नेलं ते आबारावांनीच. तिच्या टेबलापुढं ‘आसराबाई, परतूर’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं ते त्यांनीच. त्या पुण्याच्या बाईंनी त्या वर्षी आईचं स्वयंपाकघर नेलं. मग दोन-तीन वर्षांनी एकेक खोली. मध्येच आईचे डोळे गेले. कागदावरचं नाव राहिलं. आई टेबलामागं बसायची, तिच्या हातात अर्धवट पाळणा असायचा, आणि लोक तिच्या पाया पडायचे. तेव्हा कागद बदलायचा कसा?

“किसन,” त्यांनी धाकट्या भावाला हाक मारली. “तू काही बोलू नको. मी बोलतो.”

राधाकिसन दाराला टेकून उभा होता. “मी कधी बोललो दादा?” तो म्हणाला.

त्या आवाजात काहीतरी होतं. आबारावांनी मान वर केली, पण तेवढ्यात जीप दारात आली.

पुण्याच्या बाई साठीच्या, सडपातळ, खादीच्या साडीतल्या. त्यांनी आधी महालक्ष्म्यांना नमस्कार केला, खण-नारळ ठेवला, आणि देवघराकडे पाहताना डोळे पुसले. उषाबाईनं त्यांना पाट दिला.

“मी यांची लेक.”

“हो? आईंसारख्याच दिसता हो. कपाळ तर तेच.”

उषाबाई फुलून गेली.

ड्रायव्हरनं जीपमधून तीन खोकी आणली. बाईंनी स्वतः कापूस बाजूला करून तीन खोल्या चादरीवर मांडल्या. एक्क्याण्णवची ओसरी, त्र्याण्णवचं माजघर, पंच्याण्णवचा गोठा. “स्वयंपाकघर आणलं नाही,” त्या म्हणाल्या. “ते काचेच्या कपाटात मातीनं पक्कं बसवलंय, हलवलं तर तडकेल. त्याचा फोटो आणलाय आणि मापं लिहून आणलीत. आबाराव, मला एक समजत नाहीये. म्हणून एवढ्या लांब आले. ते देवघर जरा इथं आणता?”

देवघर आलं. बाईंनी ते माजघराला लावून ठेवलं. माजघराला ओसरी. ओसरीला गोठा.

दारं जुळेनात. सगळ्यांनी पाहिलं. घर एकाच गावचं, एकाच धन्याचं, आणि एका खोलीतून दुसरीत जाताना चौकट गव्हाभर खाली उतरत होती. देवघराची सगळ्यांत खाली.

“वय झालं होतं आईचं,” आबाराव पटकन म्हणाले. “हात थरथरला असंल.”

“माझ्या आईचा हात?” उषाबाई उसळली. “दादा, काय बोलून राह्यलास तू? मरायच्या आधल्या महिन्यात तिनं माझ्या पोरीचे केस विंचरलेत. थरथरायचा न्हाई तिचा हात, बिलकुल न्हाई.”

“त्या बरोबर बोलताहेत,” बाई हलकेच म्हणाल्या. त्यांनी पर्समधून स्टीलची पट्टी काढली. “थरथरलेला हात असता तर एक खुंटी मोठी, एक लहान झाली असती. तसं नाही. प्रत्येक खोली आपल्या आपल्यात बिनचूक आहे. दार, दिवळी, खुंटी, सगळं एकाच हिशोबानं. फक्त हिशोबच दर खोलीला बारीक होत गेलाय. नऊ वर्षांत घर लहान लहान होत गेलं. माझ्याकडं दुसऱ्या कारागिरांचीही घरं आहेत, पण असं कुठंच पाहिलं नाही. कसं झालं असेल हे?”

सत्यशीला माजघराच्या दारात नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. तिनं चार चौकटी पाहिल्या, आणि क्षणात तिला कळलं.

तिनं ताट घट्ट धरलं.

*

राधाकिसननं बायकोचा चेहरा पाहिला. बारा वर्षांत त्याला तो पूर्ण वाचता यायला लागला होता. ती रडली नव्हती, पण नैवेद्य दाखवताना तिचा हात ताटाभोवती पाणी फिरवायला विसरला, आणि तो हात कधी काही विसरत नसे.

आरती झाली. घंटा थांबली. आता तिला बोलता येणार होतं, आणि ते घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आबारावांनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर मोठ्या दिराची होती, हुकुमाची नव्हती. त्यात विनंतीच होती जास्त.

“चला, पानं वाढा जल्दी,” ते म्हणाले. “बाईंना परत जायचंय.”

“पानं वाढतील,” गोपिकाबाई म्हणाल्या. पदर खोचून त्या नवऱ्यासमोर, परक्या बाईसमोर, मोठ्यानं बोलल्या, “आधी तिला बोलू द्या. अहो, आठ वर्ष तिनं बोटं कापून घेतली. हळद मी लावायचे. आन् आत्याबाईंना परसात हाताला धरून मी न्यायचे. दोघींचं मला ठाऊक हाय, तुमाला कागदावरचं नाव ठाऊक हाय.”

“गोपिका!”

“बोल गं सत्यशीला.”

ती ओसरीच्या कडेला बसली. दिवसाचा पहिला शब्द तिच्या तोंडून निघाला तो “वन्सं” असा. उषाबाईकडे पाहूनच.

“वन्सं, चूक माझी हाय. आत्याबाईंनी सांगितल्तं, माप माझ्या बोटाचं घ्यायचं. एका हाताला एक बोट. मी दर खोलीला लाकूड त्यांच्यापाशी न्यायचे. त्या बोट आडवं ठेवायच्या आन् मी सुरीनं खूण करायचे. त्या वाळत चालल्या होत्या. अंगानं, हातानं. बोट पण वाळत चाललं होतं. मला कळलं न्हाई. रोज बघते माणूस, तर कळत न्हाई. या देवघराची खूण मी गेल्या सालच्या चैतात घेतली, त्या अंथरुणावर होत्या. तवा त्यांचं बोट माझ्याहून बारीक झाल्तं. तरी मी तेच लावलं. सांगितल्तं म्हणून.”

बाईंनी पट्टी हळूच पर्समध्ये ठेवली.

“खुणा तू करायचीस,” उषाबाई म्हणाली. “आन् तासायचं कोण?”

“मी.”

“डोळे तर शेवटच्या वर्षी अधू झाल्ते तिचे.”

“नव्वदलाच गेल्ते वन्सं. तवापासून ओसरी, माजघर, गोठा, समदं मीच केलं. त्या शेजारी बसून सांगायच्या.”

“आन् माझी चूल?”

सत्यशीलेनं मान खाली घातली नाही. “ती पण मीच केली.”

उषाबाई उठली. चादरीवरच्या खोल्यांना वळसा घालून ती परसात निघून गेली.

*

परसात पारिजातकाखाली दगडी दोण होती. उषाबाई तिच्या काठावर बसली. रडू येत नव्हतं, त्याचाच राग येत होता. चार वर्षं ती एका चुलीशी बोलत आली होती. नवऱ्याचा ट्रक उलटला, तो आठ महिने खाटेवर पडला, त्या दिवसांत रात्री पोरांना निजवून ती त्या चुलीपुढं बसायची आणि म्हणायची, आई, उद्याचं बघ गं. आई तिथं नव्हतीच. वैनी होती.

पाठीमागं पावलं वाजली.

“जा तू,” ती म्हणाली.

“जाते. एवढं ऐका, मंग जाते.” सत्यशीला लांबच उभी राहिली. “तुमच्याकडं ट्रक उलटला तवा आत्याबाईंना बिलकुल दिसत न्हवतं. त्यांनी मला जवळ घेतलं आन् म्हणाल्या, उषाला कळलं की आपल्या आईला दिसत न्हाई, तर ती तिकडला संसार टाकून इथं येऊन बसंल. तिला माझ्याकडून काहीतरी पाठव, म्हंजी तिला वाटंल आई धडधाकट हाय. मी शब्द दिला. त्यांच्या पायाला हात लावून.”

“आन् आज मोडला.”

“मोडला. त्याचं प्रायश्चित्त मी घेईन. पण त्या बाईंच्या वहीत देवाधर्माच्या दिवशी खोटं लिहिलं असतं, महालक्ष्म्यांच्या समोर, तर मला ते झेपलं नसतं.”

“तुझं नाव पायजे होतं तुला.”

सत्यशीलेनं विचार केला. खरोखरच विचार केला, उत्तर तयार नव्हतं तिच्यापाशी. “असंल थोडं,” ती म्हणाली. “मी न्हाई म्हणणार न्हाई.”

उषाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. असं उत्तर तिनं धरलं नव्हतं.

“सगळ्यांना ठाऊक,” ती म्हणाली. “दोन भाऊ, दोन वैन्या. मोठी तर हसून माझ्याकडून चुलीची गोष्ट ऐकत राह्यली काल. मी पोटची लेक, आन् मीच येडी.” मग आवाज एकदम खाली आला. “तिच्या हातचं काय हाय वैनी या घरात? काही बी दाखव. एक चमचा दाखव.”

सत्यशीलेच्या डोळ्यांपुढून सगळं घर फिरलं. फडताळ, माळा, पेटी. आसराबाईंनी केलेलं सगळं त्या दोन-तीन वर्षांच्या प्रदर्शनांत गेलं होतं. जे उरलं ते तिचं. नव्वदच्या आधीची एकच वस्तू कुठं आहे ते तिला माहीत होतं.

“पुण्यात हाय,” ती म्हणाली.

*

बाईंनी फोटो पुढं केला. काचेमागचं स्वयंपाकघर, भिंतीला फडताळ, उतरंडीची सात मडकी, आणि मधोमध चूल. चुलीच्या आतल्या अंगाला, जिथं जाळ लागतो तिथं, ओल्या मातीत एक अंगठा उमटलेला दिसत होता.

“तो आत्याबाईंचा,” सत्यशीला म्हणाली. “तवा मी नवी होते. त्या म्हणाल्या, अंगठा दाबल्याबिगर चुलीला पोटच येत न्हाई.”

उषाबाईनं फोटो हातात घेतला आणि अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. फोटोतला फार लहान होता.

“बाई,” सत्यशीलेनं हात जोडले. “ही चूल मला द्या. तिच्या जागी मी दुसरी बसवून देते. तुमच्याकडं येऊन.”

पुण्याच्या बाईंचा चेहरा उतरला. कपाटाला किल्ली लावून झोपणाऱ्या बाई त्या. “अहो, ते स्वयंपाकघर म्हणजे माझ्या संग्रहातला...” त्या थांबल्या. “सगळ्यांत पहिलं आहे ते. लोक तेच बघायला येतात. चूल काढली तर ते आसराबाईंचं उरेल का?”

“भांडी त्यांची ऱ्हातील. भिंती ऱ्हातील. फडताळ ऱ्हाईल. वन्संकडं तर काहीच न्हाई.”

आबाराव इतका वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते वळले. वर्गात चुकलेलं गणित पोरांसमोर पुसून पुन्हा मांडताना त्यांचा आवाज जसा व्हायचा, तसा झाला होता.

“बाई, वहीत लिहून घ्या. स्वयंपाकघर, आसराबाई. पुढच्या चारी खोल्या, सत्यशीला राधाकिसन. मापाचं बोट आसराबाईंचं. हे बराबर हाय. आधीचं मी सांगितलेलं चुकीचं होतं.” आणि बहिणीकडे न बघता, “उषा, चूक वैनीची न्हाई. कागद माझ्या अक्षरातला होता.”

“तुझ्याशी मी मंग बोलते दादा,” उषाबाई म्हणाली. “आज न्हाई.”

बाईंनी वही काढली, लिहिलं, आणि लिहून झाल्यावर बराच वेळ पेन मिटलं नाही.

“मी माझ्या आईची एक साडीसुद्धा ठेवली नव्हती,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “तेव्हा वाटलं, काय करायचं.” मग सत्यशीलेकडे वळल्या. “या. पण मापाचं काय? तुमच्या आताच्या मापानं केलीत तर ती त्या स्वयंपाकघरात बाहुलीची चूल दिसेल.”

“तुमी जुनी मापं लिहून आणलीत ना? ती द्या. त्यावरून त्यांचं तवाचं बोट निघंल.”

“कधी याल?”

सत्यशीलेनं उषाबाईकडे पाहिलं. “वन्सं, या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आधी चूल तुमच्या देव्हाऱ्यात असंल. मी सोत्ता आणून देईन.”

उषाबाईनं फोटो तेवढा परत दिला नाही. गोपिकाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पानावर बसवलं, पुरणपोळीवर तुपाची धार धरली, आणि उषाबाई “पुरे” म्हणेना तोवर ओतत राहिल्या. खूप वेळानं ती “पुरे” म्हणाली.

*

महालक्ष्म्या उठल्या. उषाबाई तिसऱ्या दिवशी कुणाशी फारसं न बोलता शहागडला गेली. पितृपंधरवड्यात प्रवास नको म्हणून सत्यशीला थांबली. घटस्थापना झाली, नऊ दिवसांचे उपास झाले, दसऱ्याचं सोनं वाटून झालं.

एकादशी सोडून तिसऱ्या दिवशी ती पहाटे रानात गेली. विहिरीच्या मळ्यात जिथं पाटाचं पाणी मुरतं तिथली काळी, चिकण माती तिनं हातानं खणली. खडा-काडी वेचली, बारीक भुसा कालवला, ओल्या फडक्यात गोळा बांधला आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात घातला. पुण्याची माती तिला ठाऊक नव्हती.

राधाकिसन पिशवी घेऊन दारात उभा होता. “मी येऊ का पुण्यापर्यंत? एकटी कधी गेली न्हाईस तू जालन्याच्या पुढं.”

तिनं मान हलवली. कागदावर पेन्सिलीनं लिहिलं, ‘कापूस घरात यायचाय. तुमी इथंच बरं.’ आणि खाली थोडं थांबून, ‘दादांना रोज चहा जरा आधी द्या. जेवत न्हाईत ते हल्ली.’

आबाराव आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. पुण्याचा पत्ता, औरंगाबादेला कुठल्या फलाटावरून एसटी सुटते, कुठं उतरायचं, सगळं रेखीव अक्षरात, ओळीला ओळ. तिनं वाकून नमस्कार केला. ते पायजम्याला लागलेली धूळ झटकत राहिले.

गोपिकाबाईंनी दशम्यांची पुरचुंडी पिशवीत कोंबली.

परतूरच्या स्टेशनावर उन्हं नुकती रुळांवर आली होती. कापसाच्या गाठींजवळ हमाल बिड्या ओढत बसले होते. गाडी आली. सत्यशीला खिडकीपाशी बसली. डबा तिनं मांडीवर घेतला, झाकण काढून फडकं चाचपलं, कडेला ते थोडं कोरडं पडलं होतं. फिरकीच्या तांब्यातलं पाणी तिनं ओंजळीत घेतलं आणि मातीवर हळूहळू शिंपडलं.

गाडी हलली.